आतड्याची सूज उतरली, तरी पोट का दुखते?

दिग्रस तालुक्यातील एका भगिनीने विचारले आहे: मोठ्या भावाला (वय ३४) चार वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येऊन जखमा होण्याचा आजार, आहे. गोळ्या नियमित चालू आहेत. मागच्या महिन्यात दुर्बिणीने मोठे आतडे तपासले, तेव्हा जखमा भरल्याचे सांगण्यात आले. शौचातून रक्त जाणेही थांबले आहे. तरी ओटीपोटात डाव्या बाजूला कळा येतात आणि तो वावरात पूर्ण दिवस टिकत नाही. डॉक्टर म्हणतात, आता हे दुखणे नसांचे आहे. घरचे म्हणतात, कामाचा कंटाळा आहे. सूज नसताना दुखते कसे? गावात मिळणारे दुखण्याचे इंजेक्शन घ्यावे का? मिरची आयुष्यभर बंद करावी लागेल का?

ताई, आपल्या भावाचे दुखणे खरे आहे, हे आधी सांगतो, कारण घरात ज्यावरून वाद चालला आहे तो मुद्दा हाच आहे. सुजलेल्या आतड्याचे दुखणे सुजेच्या मापाने कमीजास्त होत नाही. ते आतड्यातील चेतातंतूंच्या टोकांवर असलेल्या संवेदकांच्या, म्हणजे रिसेप्टरांच्या, स्थितीप्रमाणे कमीजास्त होते. हे रिसेप्टर सुजेच्या काळात हळवे होतात आणि सूज उतरल्यावर लगेच पूर्ववत होतीलच असे नाही. आपल्या डॉक्टरांनी ‘नसांचे दुखणे’ म्हटले ते याच अर्थाने, आणि त्याचा अर्थ ‘मनाचे दुखणे’ असा होत नाही.

दुर्बिणीची तपासणी करताना एक गोष्ट मी नेहमी पाहतो. मोठ्या आतड्याच्या अस्तराचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा चिमट्याने तोडून घेतो, त्या जागी रक्ताचा थेंब उमटलेला पडद्यावर दिसतो, आणि जागा असलेला रुग्ण त्याच क्षणी मला सोयाबीनच्या भावाबद्दल सांगत असतो. त्याला काहीही कळलेले नसते. पण वळणावरून पुढे जाण्यासाठी आतड्यात थोडी हवा सोडली, की तोच माणूस खाटेची कड घट्ट धरतो, त्याच्या कपाळावर घाम येतो आणि तो म्हणतो, “साहेब, आतून कोणी पिळून राह्यलं असं वाटते.” तोडले तर कळत नाही आणि फुगवले तर सहन होत नाही. त्वचेला कापल्याचे, भाजल्याचे, टोचल्याचे ज्ञान लागते, म्हणून तिथे त्यासाठीचे रिसेप्टर आहेत. आतड्याच्या आतल्या बाजूला कोणी विळा लावत नाही. तिथल्या चेतातंतूंना मुख्यतः तीन गोष्टी कळतात: ताण, दाहातून तयार होणारी रसायने आणि रक्तपुरवठ्याची तूट.

आता हा रिसेप्टर म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. चेतातंतूच्या टोकाला जे आवरण असते, त्यात विशिष्ट प्रथिने रुतलेली असतात. काही प्रथिने झडपेसारखी असतात. योग्य कारण मिळाले की झडप उघडते, सोडियम आणि कॅल्शियमचे कण आत शिरतात आणि त्यातून विजेचा एक संदेश निघतो. आतड्याकडून निघालेले वेदनेचे बहुतेक तंतू बारीक असून त्यांच्यावर मायलिन नावाचा चरबीचा लेप नसतो, त्यामुळे हा संदेश सेकंदाला साधारण एक मीटर एवढ्याच वेगाने, म्हणजे पायी चालणाऱ्या माणसाच्या चालीने, पाठीच्या कण्यापर्यंत जातो. त्वचेला काटा बोचल्याची कळ आणि पोटातली संथ, दाटून येणारी कळ यांच्या जातीत फरक आहे, त्याचे एक कारण हेही आहे.

यातला सर्वाधिक अभ्यासलेला रिसेप्टर आपल्या भागात सर्वांच्या ओळखीचा आहे, फक्त त्याचे नाव माहीत नसते. भिवापूर आणि भंडारा भागातल्या मिरची सातऱ्यावर देठ खुडणाऱ्या बाया हातांची आग घेऊन दवाखान्यात येतात. हाताला जखम नसते, फोड नसतो, कातडी साबूत असते. त्या हमखास सांगतात, की संध्याकाळी कोमट पाण्याने हात धुतले तर उकळत्या पाण्यात घातल्यासारखे वाटते. मिरचीतले कॅप्साइसिन ज्या रिसेप्टरवर बसते, त्याला टीआरपीव्ही-१ म्हणतात. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठात डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने तो १९९७ मध्ये ओळखून काढला आणि याच कामासाठी त्यांना २०२१ चे नोबेल मिळाले. ते त्यांनी आर्डेम पॅटापुटियन यांच्याबरोबर विभागून घेतले. पॅटापुटियन यांनी दाब आणि ताण ओळखणारे पिझो नावाचे रिसेप्टर शोधले होते. टीआरपीव्ही-१ ची झडप एरवी साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वर उघडते, म्हणजे चटका बसेल इतकी उष्णता असली तरच. ती आम्लानेही उघडते आणि कॅप्साइसिननेही उघडते. मिरची ‘तिखट’ लागते म्हणजे जीभ भाजल्याचा संदेश जातो. कॅप्साइसिन आधीच बसलेले असले, की ही झडप कमी उष्णतेलाच उघडू लागते, म्हणून सातऱ्यावरच्या बाईला कोमट पाणी उकळते वाटते.

सुजलेल्या आतड्यात नेमके हेच घडते, तिथे मिरची पोचलेली नसतानाही. दाह सुरू झाला, की तिथे जमलेल्या पांढऱ्या पेशी, मास्ट पेशी आणि दुखावलेले अस्तर मिळून अनेक रसायने सोडतात: प्रोस्टाग्लँडिन, ब्रॅडिकायनिन, हिस्टामिन, फुटलेल्या पेशींतून सांडलेले एटीपी, ट्रिप्टेजसारखी प्रथिने कापणारी विकरे. यांतल्या बहुतेकांसाठी चेतातंतूच्या टोकावर स्वतंत्र रिसेप्टर असतो. तो जागा झाला, की पेशीच्या आत एक साखळी सुरू होते आणि ती टीआरपीव्ही-१ च्या प्रथिनावर फॉस्फेटचे कण चिकटवते. त्यामुळे ४३ अंशांची मर्यादा घसरते. प्रयोगशाळेत ब्रॅडिकायनिन किंवा एटीपीच्या उपस्थितीत ती ३७ अंशांच्याही खाली गेलेली दिसली आहे. म्हणजे शरीराची स्वतःची ऊब, जी जन्मापासून कधी जाणवली नाही, तीच आता चटक्यासारखी वाटावी अशी स्थिती येते. रुग्ण ‘पोटात भगभग होते’ म्हणतो, तेव्हा तो फार अचूक बोलत असतो.

सेरोटोनिनचा उल्लेख इथे करायलाच हवा. लोक त्याला मेंदूतले, मूडचे रसायन म्हणून ओळखतात, पण शरीरातले नव्वद टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन आतड्यात असते. अस्तरातल्या काही खास पेशी ताण पडला किंवा त्रासदायक काही आले की ते सोडतात. ते शेजारच्या चेतातंतूंवरच्या रिसेप्टरांना जाऊन भिडते. त्यातून आतड्याची हालचाल वाढते, मळमळ होते आणि घाईही लागते.

आता आपल्या भावाच्या बाबतीत मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. आतड्यात असे अनेक चेतातंतू असतात, जे निरोगी अवस्थेत कशालाच उत्तर देत नाहीत. आतडे फुगवा, दाबा, ते गप्प असतात. त्यांना आम्ही ‘मूक वेदनातंतू’ म्हणतो. दाह झाला की ते जागे होतात आणि मग साध्या ताणालाही संदेश पाठवू लागतात. शिवाय दाहाच्या काळात नर्व्ह ग्रोथ फॅक्टर नावाचे एक प्रथिन वाढते. ते चेतातंतूच्या टोकाकडून त्याच्या मूळ पेशीपर्यंत, म्हणजे पाठीच्या कण्याशेजारच्या गाठीपर्यंत, प्रवास करते आणि तिथे जास्त रिसेप्टर, जास्त सोडियमच्या झडपा तयार करण्याचा आदेश देते. ही काही तासांची गोष्ट नाही. फॉस्फेट चिकटण्याचा परिणाम लवकर ओसरतो, पण टोकाला नवे रिसेप्टर बसले असतील तर सूज उतरल्यावरही ते तिथेच राहतात. आतड्याचा आजार शांत असूनही पोट दुखत राहिलेल्या रुग्णांच्या अस्तराचे तुकडे तपासले, तेव्हा त्यांत टीआरपीव्ही-१ असलेल्या तंतूंची संख्या वाढलेली आढळली आहे. दुर्बिणीतून आपल्याला अस्तराचा रंग, रक्तवाहिन्यांची नक्षी आणि जखमा दिसतात. हे तंतू दिसत नाहीत. म्हणून ‘आत सारे स्वच्छ आहे’ हा अहवाल खरा, आणि ‘मला दुखते’ हे रुग्णाचे म्हणणेही खरे. असा अनुभव येणारे आपले भाऊ एकटे नाहीत. दाहक आतड्याचा आजार शांत झालेल्या रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना अशा तक्रारी राहतात.

संदेश पाठीच्या कण्यात पोचल्यावर तिथेही बदल होतो. महिनोन्महिने संदेशांचा मारा चालू राहिला, की मज्जारज्जूतल्या पुढच्या पेशीवरचे एनएमडीए नावाचे रिसेप्टर मोकळे होतात आणि मग थोड्या संदेशाचाही मोठा आवाज होऊन मेंदूकडे जातो. आतड्याकडून येणारे तंतू संख्येने थोडे असतात, ते कण्याच्या अनेक पातळ्यांवर पसरतात आणि त्वचेकडून येणाऱ्या तंतूंबरोबर एकाच पेशीवर उतरतात. त्यामुळे दुखण्याची जागा बोटाने दाखवता येत नाही, रुग्ण सगळा तळहात पोटावर फिरवतो, आणि कधीकधी कंबर किंवा मांडीही दुखते. उलट दिशेने मेंदूकडून खाली एक लगामही येत असतो, जो हे संदेश दाबून ठेवतो. झोप मोडली, काळजी वाढली, कर्जाचा हप्ता तोंडावर आला, की हा लगाम सैल पडतो. मनावरच्या ताणामुळे आतड्यातल्या मास्ट पेशीही अधिक रसायने सोडतात. पेरणीच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत दुखणे वाढले म्हणून घरच्यांना ते कामचुकारपणा वाटते. प्रत्यक्षात तो ताण, तो उपास, ती अपुरी झोप या मार्गांनी आतड्यापर्यंत पोचलेली असते.

याची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगतो, कारण तिच्यामुळे जीव जातो. दुखत नाही म्हणजे आजार नाही, असे मानू नये. म्हाताऱ्या माणसांत आणि स्टिरॉइड घेणाऱ्यांत आतड्याची अवस्था गंभीर असूनही पोट फारसे दुखत नाही. दिवसात सहा किंवा अधिक वेळा रक्ताचे शौच, ताप, छातीत वाढलेली धडधड, फुगून कडक झालेले पोट, वायू आणि शौच अचानक बंद होणे, यांपैकी काहीही झाले तर दुखणे किती आहे ते न पाहता त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे.

आपल्या भावाचे दुखणे नसांचेच आहे, असे मी इथून ठामपणे म्हणणार नाही. ते ठरवण्याचा रस्ता मात्र सांगतो. चालू दाहाच्या दुखण्याबरोबर बहुधा रक्त, आव, घाई आणि रात्री झोपेतून उठवणारा मुरडा असतो, वजन घटते, आणि शौचातील कॅल्प्रोटेक्टिन, म्हणजे आतड्यातल्या दाहाचे माप देणारे प्रथिन, वाढलेले असते. हा अंक ५० मायक्रोग्रॅम प्रतिग्रॅमच्या खाली असेल तर दाह असण्याची शक्यता कमी, आणि २५० च्या वर असेल तर दुर्बिणीत काही दिसो वा न दिसो, पुन्हा शोध घ्यायला हवा. आतडे अरुंद झाल्याचे दुखणे वेगळे असते: जेवणानंतर काही वेळाने पोट फुगते, गुडगुड आवाज येतो, कळ लाटेसारखी चढते, उलटी होते आणि वायू सरला की मोकळे वाटते. हे क्रोन्स या आतड्याच्या दुसऱ्या दाहक आजारात अधिक दिसते. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये आतडे अरुंद झालेले आढळले तर कर्करोग नाही ना, हे आधी पाहावे लागते. आपल्या भागात आणखी एका आजाराचे भान ठेवावे लागते, तो म्हणजे आतड्याचा क्षयरोग. लहान आतडे मोठ्याला मिळते त्या उजव्या कोपऱ्यात तो हुबेहूब क्रोन्ससारखा दिसतो, आणि क्षय ओळखला न जाता स्टिरॉइड सुरू झाले तर तो बळावतो. भावाचे मूळ निदान करताना अस्तराचा तुकडा तपासला होता का आणि आमांशाच्या अमिबासाठी शौच पाहिले होते का, हे जुन्या कागदांत एकदा बघून घ्या. कॅल्प्रोटेक्टिन कमी असेल, अंगातले रक्ताचे प्रमाण चांगले असेल, वजन टिकून असेल, दुखणे दिवसा जास्त आणि रात्री कमी असेल, तर तुमच्या डॉक्टरांचे निदान बरोबर आहे असे मी समजेन.

इंजेक्शनबद्दल माझे मत पक्के आहे. गावोगाव पोटदुखीसाठी जे इंजेक्शन टोचले जाते, त्यात बहुधा डायक्लोफेनॅक असते. ते प्रोस्टाग्लँडिन कमी करते, म्हणून तासाभरात बरे वाटते. पण प्रोस्टाग्लँडिनचे दुसरे काम अस्तराचे रक्षण करणे हे आहे, आणि कोलायटिसच्या काही रुग्णांत या औषधांनी शांत झालेला आजार पुन्हा उफाळतो. वर्षभर रक्त न गेलेला एक तरुण दाढदुखीसाठी पाच दिवस अशा गोळ्या घेऊन आठव्या दिवशी रक्ताच्या शौचासह माझ्याकडे आला होता. तेव्हापासून मी प्रत्येक रुग्णाच्या कागदावर वरच्या कोपऱ्यात लाल शाईने ‘ही औषधे घेऊ नयेत’ असे लिहून देतो. ताप किंवा अंगदुखीला पॅरासिटॅमॉल चालते. ट्रामाडॉल आणि त्याच्या जातीची अफूवर्गीय वेदनाशामक औषधे ओपिऑइड रिसेप्टरांवर बसतात. ते रिसेप्टर आतड्यातही भरपूर असल्याने हालचाल मंदावते, बद्धकोष्ठ होते आणि दीर्घकाळ घेतल्यास वेदनेची संवेदना कमी होण्याऐवजी वाढते. जुलाब थांबवण्याची लोपरामाइडची गोळीही याच रिसेप्टरांवर काम करते. कोलायटिस जोरात असताना ती घेतली तर आतडे लुळे पडून फुगण्याचा धोका असतो.

मग काय करायचे? दाहावरची गोळी बरे वाटते म्हणून सोडू नये, कारण पुन्हा भडका उडाला की झोपी जाऊ लागलेले तंतू पुन्हा जागे होतात. वेदनेचा खरा पाया तिथेच आहे. पेटक्यासाठी मेबेव्हेरिन किंवा ड्रोटाव्हेरिनसारखे स्नायू सैल करणारे औषध काही जणांना उपयोगी पडते. नसांच्या दुखण्यासाठी रात्री अमिट्रिप्टिलिनची अगदी लहान मात्रा, बहुधा १० मिलिग्रॅमपासून, डॉक्टर सुरू करतात. हे जुने नैराश्याचे औषध आहे, आणि चिठ्ठी वाचून कोणी ‘डोक्याची गोळी दिली’ म्हटले की रुग्ण ती फेकून देतो. नैराश्यासाठी लागणारी मात्रा याहून कितीतरी मोठी असते. या लहान मात्रेत ते मज्जारज्जूवरचा मेंदूचा लगाम आवळते आणि झोपही देते. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. काचबिंदू, लघवीला अडथळा किंवा हृदयाच्या ठोक्यांचा विकार असेल तर ते सहसा टाळतात, म्हणून ते स्वतःहून आणू नये.

मेळघाटाच्या बाजूला आणि इतरत्रही पोट दुखले की पोटावर डाग देण्याची चाल अजून गेलेली नाही, आणि ‘डागल्यावर खरंच थांबलं’ असे सांगणारे लोक खोटे बोलत नाहीत. एका जागी तीव्र वेदना दिली की दुसऱ्या जागची वेदना मज्जारज्जूच्या पातळीवर काही काळ दबते, हे शरीरशास्त्राने दाखवले आहे. पण तो परिणाम थोडा वेळ टिकतो, भाजलेली जखम पिकते, आणि आत आतडे फुटलेले असेल तर मोलाचे तास वाया जातात. लहान बाळांना डागलेले मी पाहिले आहे, आणि त्या वेळी आईवर रागावून काही साधत नाही, हेही शिकलो आहे. कपड्यात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी पोटावर वीस मिनिटे ठेवली तर त्वचेकडून जाणारे सुखद संवेदनांचे संदेश कण्यात त्याच ठिकाणी आतड्याच्या संदेशाला अडवतात, आणि त्यात कातडी जळत नाही.

राहिला मिरचीचा प्रश्न. मिरचीने कोलायटिस होत नाही आणि भरलेली जखम मिरचीने पुन्हा फुटते असेही नाही. पण हळवा झालेला टीआरपीव्ही-१ मिरचीला जोरात उत्तर देतो, म्हणून पोटात आग होते आणि शौचाच्या वेळी गुदाशयात जळजळ होते. आजार जोरात असताना ती बंद ठेवावी. शांत काळात मात्र या रिसेप्टरचा एक गुण आपल्या उपयोगाचा आहे: त्याला थोडे थोडे कॅप्साइसिन वारंवार मिळत राहिले तर तो हळूहळू निबर होतो. विदर्भात जन्मलेल्या माणसाला आयुष्यभर फिके जेवण लावले तर तो जेवणच कमी करतो, हे मी इतक्यांदा पाहिले आहे की वजन उतरलेल्या रुग्णाला मी आधी जेवणाबद्दल विचारतो. भावाला पहिल्या आठवड्यात वरणाला फोडणीत एकच मिरची घाला आणि ती ताटात न घेता काढून टाका. पोट सोसते आहे असे दिसले, तर पुढच्या आठवड्यापासून ज्वारीच्या भाकरीबरोबर नखाएवढा ठेचा द्या, तोही तेलात परतलेला आणि दुपारच्या जेवणात, म्हणजे त्रास झालाच तर तो दिवसा कळेल आणि रात्रीची झोप मोडणार नाही.